एक गिटार, पाच दिवस आणि मोडलेला संसार : जेसन इझबेलचा 'फॉक्सेस इन द स्नो'

रानवाट

मार्च २०२५ मध्ये आला तेव्हापासून हा अल्बम मी किती वेळा ऐकला याचा हिशेब राहिलेला नाही. घरात विचारतात, तेच तेच काय लावून बसतोस. एकदा जेवताना समजावून सांगायला लागलो, पण सांगणं अर्धवटच राहिलं. इथे ब्लूज आणि जॅझवर चांगल्या चर्चा झाल्या आहेत, अमेरिकानावर मात्र कुणी फारसं लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा धागा.

अमेरिकाना म्हणजे कंट्री, फोक, ब्लूज, गॉस्पेल, जुनं रॉक अँड रोल या सगळ्यांच्या मुळांवर उभं राहिलेलं, पण रेडिओवरच्या चकचकीत कंट्रीपासून लांब राहिलेलं संगीत. नाव तसं अलीकडचं. नॅशव्हिलची अमेरिकाना म्युझिक असोसिएशन १९९९ ची, आणि ग्रॅमीत या प्रकारच्या अल्बमला वेगळं पारितोषिक मिळायला लागलं ते २०१० पासून. माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. इथे गाणं लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा बहुतेक वेळा एकच असतो. आपल्या भावगीतात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. त्यामुळे गाण्यातलं दुःख नक्की कुणाचं, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. इझबेल ऐकताना तो पहिल्या ओळीपासून पडतो.

जेसन इझबेल १९७९ चा, अलाबामाच्या उत्तर टोकाला असलेल्या ग्रीन हिल या छोट्या गावचा. विशीत असताना ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या बँडमध्ये गेला, २००७ मध्ये तिथून बाहेर पडला. त्या काळात दारूने त्याला पुरतं घेरलं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. त्याला तिथे पाठवण्यात पुढाकार होता अमांडा शायर्सचा. ती स्वतः टेक्सासची उत्तम फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन), गायिका, गीतकार. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं आणि जून २०१३ मध्ये डेव्ह कॉबच्या निर्मितीखाली 'साउथईस्टर्न' आला. त्यातलं 'कव्हर मी अप' हे त्याने अमांडासाठी लिहिलेलं गाणं. त्यानंतर 'इफ वी वर व्हँपायर्स' आलं. नवराबायकोपैकी कुणीतरी एक आधी जाणार आणि दुसरं मागे एकटं उरणार, अशा अर्थाचं हे गाणं दोघं मिळून म्हणायचे. त्याला २०१८ चं ग्रॅमी मिळालं. अनेक जोडप्यांनी ही गाणी आपल्या लग्नात वाजवली.

डिसेंबर २०२३ मध्ये घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला.

आता नवा अल्बम. अकरा गाणी, एक माणूस, एक गिटार. ड्रम नाही, बास नाही, मागे कुणाचा सूर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत पाच दिवसांत सगळं रेकॉर्ड झालं. हा स्टुडिओ जिमी हेंड्रिक्सने उभारलेला. १९७० च्या ऑगस्टमध्ये तो सुरू झाला आणि पुढच्या महिन्यात हेंड्रिक्स गेला. विजेच्या गिटारवर जग हलवणाऱ्या माणसाच्या त्या वास्तूत इझबेल १९४० सालची मार्टिन कंपनीची लहानशी, पूर्ण महोगनी लाकडाची साधी गिटार घेऊन बसला. सहनिर्माती जीना जॉन्सन.

पहिलं गाणं 'बरी मी'. ते सुरू होतं तेव्हा गिटारसुद्धा नसते, नुसता आवाज. काही ओळींनंतर गिटार हळूच आत येते. मी पहिल्यांदा ऐकताना आवाज वाढवायला हात पुढे केला होता, तो तसाच थांबला. माणूस खोलीत आल्यासारखा वाटला.

मला सर्वांत जास्त भिडलं ते 'ग्रॅव्हलवीड'. खडीत उगवणारं तण. तो म्हणतो की मी तसा होतो, मला वाढवणारं कुणीतरी लागत होतं. आणि मग माफी मागतो, की त्या जुन्या प्रेमगीतांचा अर्थ आता वेगळा होतोय. अशी माफी मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकलेली नाही. प्रेम संपल्याची गाणी हजारो आहेत. पण आपणच लिहिलेल्या गाण्यांचं आता काय करायचं, ती गाणी ज्यांनी आपल्या लग्नात वाजवली त्यांना काय सांगायचं, हे गाण्यातच विचारणारा हा मला पहिलाच भेटला.

त्याचा बँड, 'फोर हंड्रेड युनिट', उत्तम आहे. तरी तो एकटा का बसला? माझं उत्तर असं, की त्या बँडमध्ये सोबतीचा सूर लावणारी अनेक वर्षं अमांडाच होती. तिची जागा दुसऱ्या कुणी भरण्यापेक्षा सगळ्याच जागा रिकाम्या ठेवणं जास्त खरं होतं. ऐकताना ती रिकामी जागा मला ऐकू येते.

तुम्हाला काय वाटतं? स्वतःच्या घरातलं किती गाण्यात आणावं?

पाऊसपाणी

दादा, मनापासून आभार. मी रात्री हेडफोन लावून ऐकला आणि तिसऱ्या गाण्यानंतर माझी गिटार पिशवीत घालून ठेवून दिली.

थोडं तांत्रिक लिहितो, कारण मी स्वतः घरी रेकॉर्ड करतो. बहुतेक अल्बममध्ये वाद्यं आधी, गायन नंतर, असं वेगवेगळं रेकॉर्ड करतात. मग गाण्यातली एक ओळ बेसूर झाली तर तेवढीच परत गाता येते. पण गाता गाता वाजवलं की गिटारचा आवाज गाण्याच्या माइकमध्ये शिरतो आणि गाण्याचा आवाज गिटारच्या माइकमध्ये. दोन्ही एकमेकांत मिसळलेले. मग एक शब्द बदलायचा म्हटलं तरी त्या शब्दामागची गिटार तुटते. म्हणजे सगळं गाणं पहिल्यापासून. म्हणून अशा रेकॉर्डिंगमध्ये चूक झाली की दोनच पर्याय, ठेवा किंवा पुन्हा सगळं. यात तारेवरून बोट सरकल्याची किरकिर ऐकू येते, ओळीच्या आधी घेतलेला श्वास ऐकू येतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मी हे सगळं पुसतो. आता वाटतंय का पुसतो.

आणि उजव्या हाताकडे लक्ष द्या. बँड नसताना बास आणि ताल दोन्ही अंगठ्यावर येतात. अंगठा खालच्या सुरांवर चालत राहतो, बाकीची बोटं वर चाल सांगतात. त्यावर गायचं. हे उभ्याने तास तास करणं सोपं नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझं एक गाणं दीड वर्ष अडलंय. मराठीत आहे. बाबा घर सोडून गेले त्यावर. दोन कडवी झाली आहेत. तिसरं होत नाही.

तारषड्ज

आम्ही मिरजेचे. घरात तंबोऱ्याचं काम. अमेरिकन गाण्यातलं मला काही कळत नाही, पण रानवाट यांनी महोगनी लिहिलं म्हणून मुलाकडून लावून घेतलं.

गिटारची वरची फळी सहसा स्प्रूसची असते, पांढरट, हलकी. तिला घुमारा मोठा. या गिटारला वरची फळीसुद्धा महोगनीची आहे आणि अंगाने ती लहान. त्यामुळे सूर उमटतो, नीट उभा राहतो आणि लवकर खाली बसतो. मागे गूंज रेंगाळत नाही. गाणाऱ्याच्या शब्दावर सावली पडत नाही. मोठ्या पोटाची गिटार घेतली असती तर प्रत्येक ओळीच्या शेवटी तिने आपलं काहीतरी बोलून घेतलं असतं. ही बोलत नाही. गप्प बसून ऐकणाऱ्या माणसासारखी आहे.

आम्ही तंबोऱ्याच्या दांडीला आणि तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या फळीला, तूनचं लाकूड वापरतो. तून आणि महोगनी एकाच कुळातली झाडं. जुनं तून हातात घेतलं की वजनाला हलकं लागतं, टिचकी मारली की लगेच उत्तर देतं. ओलं लाकूड टिचकीला दबकं बोलतं. वडील म्हणायचे, लाकडातलं पाणी जातं तसा त्याचा हट्ट जातो. १९४० ची गिटार म्हणजे ८५ वर्षांचं वाळणं. तो कोरडा सूर विकत आणलेला नाही, काळाने केलेला आहे.

आमचं वाद्य बरोबर याच्या उलट. जवारी, म्हणजे तारा टेकतात तो घोडीचा माथा, आम्ही अशी घासतो की सूर मरूच नये, गायकाच्या मागे अखंड उभा राहावा. गवई एकटा पडू नये म्हणून तंबोरा. आणि हा माणूस मुद्दाम एकटा पडून गातोय. ते ऐकून मला बेचैन झालं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं.

सोनचाफा

सगळे भारावलेले दिसताहेत, तेव्हा मी दुसरी बाजू मांडते. मला इझबेल आवडतो. त्याचं 'एलिफंट' हे गाणं ऐकून मी बसमध्ये रडलेली आहे. पण 'ग्रॅव्हलवीड' मला गिळता येत नाही.

मला वाढवणारी कुणीतरी लागत होती, आता मी वाढलो, असं तो म्हणतो. ज्या बाईने तुम्हाला दारूतून बाहेर काढलं, जी अकरा वर्षं तुमच्याबरोबर राहिली, ती तुमच्या वाढीचा एक टप्पा? तिची वाढ नव्हती का होत? तिला कुणी वाढवायचं? आपल्याकडे किती घरांत ही गोष्ट आहे. बायको नवऱ्याला माणसात आणते, आणि तो माणसात आला की त्याला वाटतं आता आपल्याला वेगळं माणूस हवं.

दुसरं म्हणजे 'ट्रू बिलिव्हर'. तुझ्या मैत्रिणी म्हणतात मी तुझं मन मोडलं, आणि ते मला आवडत नाही, अशा अर्थाची ओळ आहे. चिडलेली ओळ. माझ्या मते अल्बममधली ती सर्वांत खरी ओळ, आणि सर्वांत अन्यायाची. कारण तिच्या मैत्रिणी घरात बोलल्या असतील, हा जगासमोर बोलला.

आणि अमांडा कोण आहे हेही लिहायला हवं होतं. तिच्याकडे सिवानी इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथची कवितालेखनातली पदव्युत्तर पदवी आहे. २०१९ मध्ये 'द हायविमेन' हा चौघींचा गट उभा राहिला तो तिच्या कल्पनेतून. 'रीयुनियन्स' या इझबेलच्या अल्बमच्या वेळचा जो माहितीपट एचबीओवर २०२३ मध्ये आला, त्यात दोघं एकेका शब्दावरून वाद घालताना दिसतात. त्याच्या गीतांवर तिची नजर फिरलेली आहे. म्हणजे ज्या धारदार भाषेत तो आता तिच्याबद्दल लिहितोय, ती धार लावणाऱ्यांत तीही होती.

ओसरी

मी हंट्सव्हिलला राहते, अलाबामा. मूळची रत्नागिरीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे नऊ वर्षं झाली. इझबेलचं गाव इथून जवळच, म्हणून लिहिते.

हायवे ७२ ने पश्चिमेला निघालं की दोन्ही बाजूंना कापूस. ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला वाऱ्याने आलेला कापूस पडलेला असतो, लांबून बर्फासारखा दिसतो. सव्वा तासात मसल शोल्स. इथे टेनेसी नदीच्या काठाने चार छोटी गावं एकमेकांना चिकटून आहेत: फ्लोरेन्स, शेफील्ड, टस्कम्बिया, मसल शोल्स. यातल्याच मसल शोल्समध्ये 'फेम' हा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. १९६७ मध्ये सोल गायिका अरीथा फ्रँकलिन इथे येऊन गायली आणि तिचं नशीब फिरलं. इझबेलला विशीत गाणी लिहिण्याचं पहिलं काम मिळालं ते याच फेमकडून. मी पाहायला गेले तेव्हा वाटलं होतं मोठी इमारत असेल. औषधाच्या दुकानाशेजारी बैठं घर असावं तसं आहे. आत भिंतीवरचा गालिचा जुना, दिव्यांचा उजेड पिवळट, आणि पियानोच्या पट्ट्या बोटं लागून लागून पिवळ्या झालेल्या.

त्याच्या बँडचं नाव फ्लोरेन्सच्या इस्पितळातल्या मानसोपचार विभागावरून आहे, हे इथल्या लोकांना लगेच कळतं, बाहेर सांगावं लागतं.

मला या अल्बममधलं 'क्रिमझन अँड क्ले' सर्वांत जवळचं. किरमिजी हा इथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा रंग, तो म्हणजे इथला धर्मच. आणि क्ले म्हणजे इथली माती. पाऊस पडला की अंगणातली माती अशी लाल होते की मला आमच्या पाखाडीची आठवण येते. लोखंडाने लाल झालेली, बुटाला लागली की निघत नाही. मुलाच्या पांढऱ्या शाळेच्या मोज्यांवर ती अजून आहे. इझबेल या मातीवर प्रेम करतो, पण इथल्या माणसांनी गोऱ्या-काळ्यांत जे केलं ते तो झाकत नाही. गाव सोडून गेलेल्याला गाव जसं आठवतं, दोन्ही हातांनी, तसं ते गाणं आहे. घटस्फोटाच्या गदारोळात या गाण्याकडे कुणी बघितलं नाही याचं वाईट वाटतं. अंतर्मुख होणं म्हणजे फक्त बायकोबद्दल लिहिणं नव्हे. आपण कुठल्या मातीचे, हेही त्यात येतं.

सोनचाफा, तुमचं म्हणणं पटलं, पण 'ग्रॅव्हलवीड'मध्ये मला बढाई ऐकू आली नाही. तण स्वतःला तण म्हणतंय.

सोनचाफा

ओसरीताई, स्वतःला तण म्हणणं सोपं असतं हो. उपटायचं काम दुसऱ्याने केलेलं असतं.

बिनचेहरा

इथे वर्षानुवर्षं वाचत आलोय, लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

मी चौदा वर्षं दारू प्यायलो. साडेनऊ वर्षं झाली सोडून. 'साउथईस्टर्न' मला माझ्या भाच्याने दिला, सुटल्यावर दुसऱ्या महिन्यात. 'कव्हर मी अप'मध्ये तो दारू सोडल्याचं सांगतो तिथे श्रोते टाळ्या वाजवतात हे मी नंतर पाहिलं. पण मी अडखळलो ते एका वेगळ्या शब्दावर. तो नुसतं कायमची सोडली म्हणत नाही. या वेळी कायमची, असं म्हणतो. 'या वेळी' हे दोन शब्द फक्त ज्याने आधी चार वेळा शपथ मोडली आहे तोच लिहू शकतो. मी आईच्या फोटोसमोर, देवासमोर, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, सगळीकडे शपथा घेतल्या होत्या. माझ्या प्रत्येक शपथेला 'या वेळी' लागलेलं होतं आणि माझी बायको ते ऐकत असायची.

सोनचाफाताईंनी लिहिलं त्यावर तीन दिवस विचार केला. दर आठवड्याला आमची, दारू सोडलेल्यांची, सभा असते. तिथे उभं राहून आपली गोष्ट सांगायची असते. मी बऱ्यापैकी सांगतो, लोक ऐकतात. गेल्या वर्षी एका खुल्या सभेला बायको आली होती. मी नेहमीसारखं सांगितलं, की एका रात्री तिने मला जिन्यातून ओढून घरात कसं घेतलं. परत येताना रिक्षात ती म्हणाली, ती रात्र माझीपण होती, तू मला न विचारता किती लोकांना देऊन टाकलीस? मला उत्तर सुचलं नाही. खरंच मला कधी सुचलं नव्हतं, की मी माझी लाज उघडी करतो तेव्हा तिचीही उघडी करतो.

पण न सांगता मी जगलो नसतो हेही खरं आहे. मला सांगणारा कुणी भेटला नसता तर मी सुटलोच नसतो. तेव्हा इझबेलने लिहू नये असं मी म्हणू शकत नाही.

दारू सोडताना ज्याच्या आधाराने उभा राहिलो, त्याच्याशिवाय उभं राहता येईल का, ही भीती मला अजून आहे. हा नवा अल्बम मला त्या भीतीचा वाटतो. संसार मोडला, घर सुटलं, आणि तरी हा माणूस पुन्हा बाटलीकडे गेला नाही, एक गिटार घेऊन पाच दिवस बसला. माझ्यासारख्याला हे फार मोठं आहे.

रानवाट

बिनचेहरा, तुम्ही लिहिलंत याबद्दल काय म्हणू. दोनदा वाचलं. 'या वेळी' हे मी दहा वर्षं ऐकत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

सोनचाफाताई, तुमच्या पहिल्या प्रतिसादाने मी थोडा दुखावलो होतो, कारण मला तो माणूस आवडतो. पण अमांडाबद्दल मूळ लेखात मी तिला 'अमांडासाठी लिहिलेलं गाणं' एवढ्यावरच ठेवलं, हे तुम्ही दाखवल्यावर लक्षात आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचा 'नोबडीज गर्ल' हा अल्बम आला आहे. या आठवड्यात नीट ऐकला. लॉरेन्स रॉथमनची निर्मिती. इझबेलच्या अल्बमच्या अगदी उलट बांधणी. त्याने सगळं काढून टाकलं, तिने वाद्यांची भर घालत नेली. पियानो आहे, तारवाद्यं आहेत, आणि तिचा थरथरता, चटकन भरून येणारा आवाज. 'द डीटेल्स' हे गाणं ऐकताना मला समोर बसवून कुणीतरी दुसरी साक्ष नोंदवतंय असं वाटलं. गाण्यांत जे आलं त्यापलीकडे एक घर होतं, आणि ते आठवणारी ती पण आहे.

आता मी दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकतो. पहिला एकटाच ऐकला होता तेव्हा जी शांतता मला प्रामाणिक वाटली होती, तिच्यात आता दुसरं कुणीतरी बोलत असतं. पहिला अल्बम त्यामुळे कमी झाला नाही. पण रिकामी जागा ठेवणं जास्त खरं, असं जे मी लिहिलं होतं ते आता इतक्या ठामपणे लिहिणार नाही. ती जागा रिकामी नव्हती. तिथलं माणूस दुसऱ्या स्टुडिओत गात होतं.

चिंतामणी७९

उशिरा आलो, पण एक आठवण सांगायची आहे.

ऑक्टोबर २०१७. कामासाठी नॅशव्हिलला होतो. रायमन सभागृहात इझबेलचे सलग कार्यक्रम चालू होते, त्यातल्या एकाचं तिकीट मिळालं. रायमन म्हणजे १८९२ साली प्रार्थनागृह म्हणून बांधलेली इमारत, अजून बसायला चर्चचे लाकडी बाक. माझ्या बाकावर शेजारी सत्तरीचे आजी-आजोबा होते. आजोबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली होती.

'कव्हर मी अप' सुरू झालं. अमांडा त्याच्या उजव्या हाताला फिडल घेऊन उभी. ती दारू सोडल्याची ओळ आली आणि सगळं सभागृह उठलं. बाक एकदम हलके झाल्यावर त्यांचा करकर आवाज झाला, तो मला टाळ्यांपेक्षा जास्त लक्षात आहे. मी त्या क्षणी त्याच्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. ती टाळ्यांत सामील नव्हती. मान खाली, डोळे मिटलेले, गज तारेवर टेकवून पुढच्या ओळीची वाट बघत होती. हजारो माणसं रोज रात्री तिच्या घरातल्या सर्वांत वाईट दिवसांच्या संपण्यावर टाळ्या वाजवत होती, आणि तिला तिच्या जागेवर सूर धरून उभं राहायचं होतं.

शेजारचे आजोबा मात्र उठले नव्हते. आजींनी त्यांचा हात धरला होता आणि दोघं बसूनच होते. त्यांची काय गोष्ट होती कोण जाणे.

तो कार्यक्रम त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रणातून निघालेल्या 'लाइव्ह फ्रॉम द रायमन'मुळे मी पुन्हा पुन्हा ऐकत असतो. आता ते गाणं लागलं की पुढचं सगळं ठाऊक असूनही पुढे ढकलत नाही. त्या रात्री ते खोटं नव्हतं.

ओसरी

चिंतामणीकाका, बाकांचा आवाज... धन्यवाद.

जात्यावरच्या ओव्या आठवल्या. आमची पणजी नवऱ्याची, सासूची, सगळ्यांची नावं घेऊन गायची म्हणे. पण जात्यापाशी ऐकायला कोण? समोर बसलेली जाऊ. ओवी घराबाहेर जात नव्हती. इझबेल आणि अमांडा दोघांनी जे केलं ते आपल्या बायका पहाटे करत आल्या, फरक एवढाच की त्यांचं पीठ झालं आणि गाणं तिथेच संपलं. म्हणून कदाचित त्या इतकं स्पष्ट गाऊ शकल्या.

सोनचाफा

रानवाट, तुम्ही दोन्ही अल्बम ऐकलेत, मला तेवढंच हवं होतं.

आणि बिनचेहरा, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. तुम्हालाही. रिक्षातलं तिचं वाक्य तुम्ही इथे लिहिलंत, त्याआधी तिला विचारलंत का?

बिनचेहरा

विचारलं होतं. म्हणाली, हे लिही. जिन्याचं थोडक्यात लिही.

तारषड्ज

मुलगा रोज वाचून दाखवतो. बिनचेहरा, तुमच्या घरी दोघांनाही आमचा नमस्कार.

पाऊसपाणी, तुझं तिसरं कडवं काय झालं?

पाऊसपाणी

काका, सांगणारच होतो.

हा धागा वाचून मी रविवारी आईला दोन कडवी गाऊन दाखवली. आतापर्यंत तिला हे गाणं आहे हेच माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात ती गवार निवडत होती, मी खाली फरशीवर बसून वाजवलं. पहिलं कडवं झालं तेव्हा तिने निवडणं थांबवलं नाही. दुसऱ्या कडव्यात एक ओळ होती, बाबा गेले त्या सकाळी ती दारात उभी राहून रडली म्हणून. तिथे ती म्हणाली, मी रडले नव्हते. मी दूध उतू जाईल म्हणून आत गेले होते. तू लहान होतास, तुला नीट आठवत नाही.

मी ती ओळ काढली. दुधाची घातली. आणि त्यातूनच तिसरं कडवं निघालं, त्याच संध्याकाळी. पण ते कडवं बाबांचं नाही, तिचं झालं. बाबा फक्त दुसऱ्या कडव्यापर्यंत आहेत.

रेकॉर्ड करताना एकाच माइकवर गाता-वाजवता केलं. सातव्यांदा जमलं. मध्ये बाहेरून भंगारवाल्याची हाळी आली आहे, ती ठेवली. एकच अडचण, माझ्या गिटारची तिसरी तार वरच्या पट्टीत भुणभुणते, दाबली की कुठेतरी घासते. दुकानात दाखवली तर नवी घ्या म्हणाले.

तारषड्ज

नवी नको घेऊस. भुणभुण बहुतेक घोडीची आहे, नाहीतर पट्टीवरचा एखादा पडदा वर आला असेल. दोन्ही हाताने दुरुस्त होण्यासारखं आहे. तार उतरवू नकोस, तशीच ताणलेली घेऊन ये म्हणजे कुठे घासते ते दिसेल. पुण्याहून सकाळची गाडी धर, दुपारी मिरजेत. जेवायला घरीच ये. आणि गाणं आण.